फेब्रुवारीचा थर्मास

“म्हातारपण हे राष्ट्राच्या डोक्यावरचं ओझं नसून राष्ट्राने आयुष्यभर घाम गाळून केलेली कमाई आहे, आणि जो देश आपल्या म्हाताऱ्यांना जपतो त्यालाच इतिहास जपतो,” असं आदेमार बेन्तांकुर फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी दुरास्नो गावातल्या पेन्शनरांच्या क्लबात उभं राहून म्हणाला. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात टाळ्या एल्बियोने वाजवल्या, फक्त त्या त्याने कोपऱ्यातल्या फ्रिजकडे तोंड करून वाजवल्या. फ्रिजचा पांढरा रंग आणि आदेमारचा पांढरा शर्ट यांतला फरक त्याला दोन वर्षांपासून कळेनासा झाला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. फ्रिजने मात्र टाळ्या शांतपणे स्वीकारल्या आणि भाषण पुढे वाढवलं नाही. हा संयम आदेमारला जमला नसता.

आदेमार एकाहत्तर वर्षांचा, म्हणजे क्लबातला पोरगा. बाकीची मंडळी ऐंशीच्या अलीकडे-पलीकडे. त्यामुळे कोळसा आणायला, खुर्च्या मांडायला आणि कुणी मेलं तर पुष्पचक्राची वर्गणी गोळा करायला त्यालाच पिटाळत. शिवाय पेन्शनच्या कचेरीत त्याने बत्तीस वर्षं खिडकीमागे काढलेली, तेव्हा फॉर्म वाचणं हेही त्याचंच काम. गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याकडे सरकारी कागद आला की तो उघडायच्या आधी आदेमारकडे यायचा. आदेमार चष्मा पुसायचा, कागद वाचायचा आणि शेवटी बोट ठेवायचा. म्हातारा त्या बोटाखाली सही करायचा. अशा बोटावर गावाने कधी शंका घेतली नव्हती.

आता फेब्रुवारीची गंमत सांगायला हवी. त्या देशात दवाखाना चालवणाऱ्या संस्था असतात. पगारातून नाहीतर पेन्शनीतून रक्कम कापली जाते आणि सरकार ती संस्थेला दर डोक्यामागे पोचवतं. तरुण डोक्यामागे थोडी, म्हाताऱ्या डोक्यामागे बरीच जास्त, कारण म्हातारा माणूस महाग पडतो हे सरकारला कळलेलं. म्हातारा माणूस महाग विकलाही जातो, हे मग संस्थांना कळलं. एक संस्था सोडून दुसरीत जायची मुभा वर्षातून फक्त फेब्रुवारीत, आणि एकदा गेलं की तीन वर्षं हलायचं नाही. त्यामुळे अकरा महिने ज्यांना रांगेत कुणी खुर्ची देत नाही, त्या म्हाताऱ्यांना फेब्रुवारीत उपवर मुलींसारखे दिवस येतात. चौकाचौकात छत्र्या उघडून पोरी बसतात, तब्येत विचारतात, हात धरून रस्ता ओलांडून देतात, आणि तो रस्ता त्यांच्या टेबलापाशी संपतो.

दुरास्नोत दोन संस्था होत्या. एक जुनी, जिच्या भिंतींना ओल होती, आणि एक नवी, जिच्या भिंतींना काच होती. नवीच्या छत्रीखाली यानिना नावाची मुलगी बसायची. तिने आदेमारला तिसऱ्याच दिवशी हेरलं. सभासद आणून दिल्याबद्दल काही देणं-घेणं कायद्याने बंद होतं, म्हणून तिने काही देऊ केलं नाही. एवढंच म्हणाली की पाच सह्या आणणाऱ्या मित्रांना संस्था वाढदिवसाची भेट देते, वाढदिवस कधीही असो. भेट टेबलाखाली होती. चकचकीत पोलादी थर्मास, पाणी बारा तास गरम.

थर्मास म्हणजे काय हे त्या देशात राहिल्याशिवाय कळायचं नाही. तिथला माणूस कडू पाल्याचा काढा, ज्याला ते माते म्हणतात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत नळीने ओढत असतो. उजव्या हातात मातेचा भोपळा, म्हणजे वाळवून पोखरलेला पेला, डाव्या काखेत गरम पाण्याचा थर्मास. लग्नाला, बँकेत, मयतीला. काखेत थर्मास नसलेला माणूस बाहेर दिसला तर लोक विचारतात, काय झालं, घरी सगळं ठीक आहे ना? आदेमारच्या थर्मासला पोचा पडला होता आणि पाणी दहा वाजेपर्यंत कोमट व्हायचं. त्याची बायको सुल्मा म्हणायची, तुझ्यासारखाच आहे तो, आवाज मोठा आणि ऊब नाही.

चार सह्या दोन दिवसांत झाल्या. पाचवी मिळेना. सत्तावीस तारीख उजाडली. दुपारी क्लबात एल्बियो एकटाच बसला होता, जुन्या रेल्वेतला फिटर, वय त्र्याऐंशी, बायको गेलेली, एक भाची होती ती आठवड्यातून एकदा येऊन भांडी घासून आणि चार बोल सुनावून जायची. आदेमार शेजारी बसला. नव्या संस्थेत डोळ्यांचं जर्मन यंत्र आलंय, असं यानिनाने सांगितलं होतं, ते त्याने सांगितलं. यंत्र त्यानेही पाहिलं नव्हतं, पण काच पाहिली होती.

एल्बियो म्हणाला, “पण माझा जुन्या संस्थेत ऑपरेशनचा नंबर लागलाय ना रे, मे महिन्यात.”

ते आदेमारला माहीत होतं. त्या यादीत तो स्वतःही होता. त्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता, आणि यादीत तो एल्बियोच्या मागे होता. हे सगळं त्याला माहीत होतं आणि त्या क्षणी ते आठवलं नाही, असं तो पुढे स्वतःला बऱ्याच वेळा सांगणार होता. तेव्हा तो एवढंच म्हणाला की नव्या ठिकाणी मे कशाला, इस्टरच्या आत होऊन जाईल.

“तू म्हणतोस तर,” एल्बियो म्हणाला. “सही कुठे करायची?”

आदेमारने बोट ठेवलं. पण एल्बियोला बोटही दिसेना. तेव्हा आदेमारने त्याचा हात धरून पेन कागदावर टेकवलं. हाताला अजून इंजिनातल्या तेलाचा वास होता, निदान तसं वाटलं. सही ओळीवरून खाली उतरून ‘साक्षीदार’ लिहिलं होतं तिथपर्यंत गेली, तेव्हा साक्षीदार म्हणून आदेमारने आपलं नाव तिच्यावरच लिहिलं. संध्याकाळी छत्रीखाली यानिनाने कागद पाहिला आणि म्हणाली, चालेल.

मार्च लागला आणि छत्र्या मिटल्या. एल्बियोची भाची नव्या संस्थेत तारीख विचारायला गेली तेव्हा कळलं की जर्मन यंत्र राजधानीत, मोंतेविदेओला आहे, डोळ्यांचा डॉक्टर तिथून एकाआड एक गुरुवारी बसने येतो, तोही बस मिळाली तर, आणि यादी चौदा महिन्यांची आहे. भाचीने हे क्लबात सर्वांसमोर मोठ्याने सांगितलं. कुणाच्या सांगण्यावरून सही केली ते तिने विचारलं नाही. एल्बियोनेही सांगितलं नाही. आदेमार नव्या थर्मासमधून पाणी ओतत होता. ते थोडं त्याच्या बुटावर सांडलं. पाणी खरोखरच बारा तास गरम राहत होतं, याची त्याला खात्री पटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नव्या संस्थेच्या काचेच्या दारात जाऊन उभा राहिला. खिडकीत बसलेला पोरगा आदेमारच्याच जुन्या आवाजात बोलत होता, तो आवाज खिडकीमागे बसलं की आपोआप येतो. नाव लिहून ठेवतो, म्हणाला. आदेमारने बत्तीस वर्षांत हे वाक्य किती जणांना ऐकवलं होतं याचा अंदाज घेतला आणि सोडून दिला. यानिनाला फोन केला तर तो नंबर आता कुणाचाच नव्हता. फेब्रुवारीबरोबर यानिनाही संपली होती.

मग त्याने पापक्षालनाचा घरगुती मार्ग धरला. सकाळी एल्बियोच्या घरी जायचा, जाताना बेकरीतून गरम बिस्किटं न्यायचा, पेपर वाचून दाखवायचा. आधी मृत्यूची पानं, मग फुटबॉल, मग राहिलंच तर सरकार. संध्याकाळी क्लबात बोचा. त्या खेळात मातीच्या लांब पट्टीवर आधी लिंबाएवढा गोळा टाकतात आणि मग आपापले मोठे गोळे त्याच्या जितके जवळ नेता येतील तितके न्यायचे असतात. लिंबाएवढा गोळा एल्बियोला कुठून दिसणार? म्हणून आदेमार त्या गोळ्यापाशी जाऊन उभा राहायचा आणि आवाज द्यायचा, जरा डावीकडे, आता जोर कमी. एल्बियो आवाजावर गोळा टाकायचा. गोळा भलतीकडे जायचा. आदेमार ओरडायचा, “चार बोटं, एल्बियो, फक्त चार बोटं राहिली.” राहिलेलं अंतर चार हात असायचं. बाकीचे म्हातारे एकमेकांकडे बघायचे. अंतर मोजायची पट्टी क्लबातून गायब झाली होती, ती आदेमारच्या घरी कपाटावर होती.

सुल्माच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. चाळीस वर्षांत माझ्यासाठी एकदा बिस्किटं आणली नाहीस, म्हणाली, आणि आता रोज त्या म्हाताऱ्याकडे नेतोस, नक्की केलंस काय? आदेमारने शेजारधर्माविषयी थोडं सांगितलं. सुल्माने ओट्यावरचा थर्मास उचलला, बघितला आणि परत ठेवला. त्या दिवसापासून ती पाणी जुन्या पोचा पडलेल्या थर्मासात भरायला लागली.

एप्रिलच्या शेवटी जुन्या संस्थेतून फोन आला. फोनवर सुल्माची चुलतबहीण होती, ती तिथेच कारकून. आनंदाने म्हणाली की अभिनंदन, तुझा सप्टेंबरचा नंबर वर आला, बारा मेला सकाळी उपाशी पोटी ये. आदेमारने विचारलं, वर कसा आला? ती म्हणाली, तुझ्या पुढचा गृहस्थ संस्था सोडून गेला, जागा रिकामी झाली. नाव सांगायची गरज तिला वाटली नाही आणि त्यालाही नव्हती.

तो तसाच उठून जुन्या संस्थेत गेला. ती तारीख आपल्याला नको, ती एल्बियोची आहे, त्याला द्या, असं त्याने त्या बहिणीला सांगितलं. तिने समजावलं की तारीख सभासदाला मिळते, सभासदाच्या मित्राला मिळत नाही. एल्बियो आता तीन वर्षं सभासद होऊ शकत नाही. तुला नको असेल तर ती यादीतल्या पुढच्याला जाईल, आणि पुढची आहे औषधवाल्याची सासू. आदेमारने विचारलं, काहीच मार्ग नाही का? ती म्हणाली, “आहे की. फेब्रुवारीत त्याला कुणीतरी थांबवायला हवं होतं.”

घरी येऊन त्याने सुल्माला सगळं सांगितलं. थर्मास, पाच सह्या, हात धरून टेकवलेलं पेन. आपण ऑपरेशन करून घेणार नाही, हेही सांगितलं. हे शेवटचं वाक्य त्याने जरा उभं राहून सांगितलं. सुल्मा वाटाणे सोलत होती. तिने एक शेंग पुरी सोलून घेतली.

“तू आंधळा राहिलास म्हणून एल्बियोला दिसणार आहे का?” ती म्हणाली. “मग दोघांना रस्ता कोण ओलांडून देणार, मी? खाली बस.”

तो बसला. मग ती एवढंच म्हणाली की हे सगळं मला सांगून काय उपयोग, माझे डोळे ठीक आहेत.

बारा मेला त्याचं ऑपरेशन झालं, पंधरा मिनिटांत. बाहेर त्याला घरी न्यायला एल्बियो आला होता. भाचीचा हात धरून, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात संत्र्यांची पिशवी. संत्री त्याने नर्सच्या हातात दिली आणि तिला आदेमार समजून पाठीवर थाप मारली. म्हणाला, “पोरा, छान झालं. क्लबात एकाला तरी दिसायला पाहिजे.” आदेमारच्या डोळ्यावर पट्टी होती. दुसऱ्या डोळ्यातून पाणी येत होतं, ते औषधाचं असतं असं नर्सने सांगितलं आणि त्याने ते लगेच मान्य केलं.

पट्टी निघाल्यावर जग त्याच्यावर तुटून पडलं. स्वयंपाकघराचं छत पिवळं नसून मळलेलं होतं. सुल्माच्या गालावर एक तीळ होता, तो त्याच्या आठवणीत दुसऱ्या गालावर होता. कपाटावरची क्लबाची मोजपट्टी दिसली. थर्मास हातात घेतला तर त्याच्या बुडाशी मुंगीएवढ्या अक्षरांत कोरलेलं दिसलं: ‘जाहिरातीसाठी. विक्रीसाठी नाही.’ कित्येक दिवस तो हे काखेत धरून गावभर हिंडला होता. गावात चांगले डोळे असलेली माणसंही होती.

आणि संध्याकाळी क्लबात एल्बियो दिसला. तीन महिन्यांत त्याला नीट पाहिलंच नव्हतं, हे आदेमारच्या तेव्हा लक्षात आलं. शर्टाची गुंडी एक घर सोडून लावलेली. दाढी करताना हनुवटीखालचा पट्टा राहून गेलेला, आणि त्याच्या शेजारी दोन कापल्याच्या खुणा. डाव्या नडगीवर कशाला तरी आपटून काळंनिळं झालेलं. मोजे दोन रंगांचे. म्हातारा मातीच्या पट्टीच्या टोकाशी गोळा हातात घेऊन उभा होता आणि आवाजाची वाट बघत होता.

आदेमार लिंबाएवढ्या गोळ्यापाशी गेला. “मार,” म्हणाला. एल्बियोने गोळा टाकला. गोळा फळीला आपटून परत फिरला आणि भलत्याच कोपऱ्यात जाऊन थांबला. म्हाताऱ्यांनी नेहमीसारखं एकमेकांकडे बघितलं. एल्बियोने मान वर केली. “किती राहिली?”

आदेमारने तोंड उघडलं. चार बोटं हे शब्द जिभेवर तयारच होते.

“लांब आहे, एल्बियो,” तो म्हणाला. “सहा हात. रोजच लांब पडतो.”

क्लबात कुणीतरी खोकलं. मग एकेकाला घरची कामं आठवली आणि दहा मिनिटांत बाकावर ते दोघेच राहिले. आदेमार आज नवा थर्मास घेऊन आला होता. सुल्माने त्यात पाणी भरून त्याच्या हातात दिला होता. त्याने मातेच्या भोपळ्यात पाणी ओतलं, पहिला स्वतः ओढला, रीत आहे तशी, आणि दुसरा भरून एल्बियोच्या हातात नळी नीट त्याच्या ओठांकडे करून दिला. मग सांगायला सुरुवात केली. त्याला सजवून सांगायची सवय होती, पण आज सजवायला काही सापडेना. यानिना, पाच सह्या, जर्मन यंत्र जे पाहिलं नव्हतं. मे महिन्याची तारीख. ती कुणाला मिळाली ते. शेवटी म्हणाला, “तुझी जागा मी घेतली, एल्बियो. थर्मासासाठी. घ्यायची म्हणून घेतली नाही, पण घेतली.”

एल्बियो माते ओढत राहिला. तळाशी पोचल्यावर नळी घुर्र वाजते, तशी वाजली. तिथे पद्धत अशी की भोपळा परत देताना ‘आभारी’ म्हटलं तर बस झालं, आणखी नको, असा अर्थ. न बोलता परत दिला तर पुन्हा भरायचा. आदेमार त्या एका शब्दाची वाट बघत होता. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी आभार मानू नयेत असं त्याला वाटत होतं.

एल्बियोने भोपळा न बोलता परत दिला. आदेमारने भरला. या वेळी सांडलं नाही.

“थर्मासचं मला मार्चपासून माहीत आहे,” एल्बियो म्हणाला. “भाचीने कागदाची प्रत आणून वाचली. साक्षीदार म्हणून तुझं नाव आहे खाली. माझ्याच सहीवर. आणि तुझ्या थर्मासच्या बुडावरचं तिने तेव्हाच वाचलं होतं.”

आदेमार त्याच्याकडे वळला. “मग बोलला का नाहीस?”

“तू कधी बोलतोस ते बघत होतो.” एल्बियोने पाय जरा लांब केले, दोन रंगांचे मोजे समोर आले. “तेवढंच बघण्यासारखं उरलं होतं.”

मैदानावरचा दिवा लागला. एल्बियोने त्या दिशेला तोंड फिरवलं, पण जरा चुकून, दिव्याच्या डावीकडे. आदेमारला वाटलं, आता तो काहीतरी बोलेल. रागावेल. चौदा महिने म्हणजे त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाला किती होतात ते विचारेल. किंवा क्षमा करेल, ते तर त्याहून वाईट. त्याने मान खाली घालून दोन्हींची तयारी ठेवली.

एल्बियोने हात पुढे करून चाचपत थर्मास शोधला, मांडीवर घेतला, आणि झाकण उघडून बूच अंगठ्याने फिरवून पाहिलं, फिटर पाहतो तसं.

“पोरा,” तो म्हणाला, “हे बूच माझ्या थर्मासला बसतं का बघ जरा. माझं गळतंय.”